कुंभाराचं गाढव आणि पेशीला आलेला निरोप

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनात ‘कारण’ कशाला म्हणतात ते पाहिलं. नंतर काही जणांनी विचारलं, की हा एवढा काथ्याकूट आज कुठं उपयोगी पडतो का? म्हणून आज आपण उदाहरण मुद्दाम वैद्यकातलं घेऊ. कर्करोगाच्या पेशींमधले संदेश अडवणारी जी औषधं आहेत, ती कारणाच्या प्रश्नावरच उभी आहेत.

आधी उजळणी करू. मडकं तयार व्हायच्या आधी माती असते, कुंभार असतो, चाक असतं. माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव मडक्याचं कारण का नाही? कारण माती हातगाडीवरून आणली तरी मडकं होतंच. आधी हजर असणं निराळं आणि कारण असणं निराळं. अशा गाढवाला नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

आता पेशीकडे वळू. पेशी आपल्या मनानं वाढत नाही, तिला बाहेरून निरोप यावा लागतो. पेशीच्या आवरणावर ग्राहक प्रथिनं असतात. वाढीचा निरोप घेऊन येणारा रेणू त्यांना चिकटला, की आतलं एक प्रथिन जागं होतं, ते पुढच्याला जागं करतं, आणि असं करत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. ही जागं करण्याची कामं बऱ्याचदा कायनेज नावाची प्रथिनं करतात. ती पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतात, आणि तो तुकडा काढला की निरोप थांबतो. ‘वाढ’, ‘दोन हो’, ‘जागा सोडून पुढं सरक’ हे सगळे हुकूम अशाच साखळ्यांतून जातात. साखळीतलं एखादं प्रथिन कायमचं चालू राहिलं, तर बाहेरून कुणी काही न सांगता पेशी वाढत सुटते.

पण अडचण अशी, की कर्करोगाच्या पेशीत एकच नव्हे, पुष्कळ बिघाड सापडतात. त्यातले बरेचसे निव्वळ गाढवं असतात, बरं का! आधीपासून हजर, पण रोगाचं कारण नाहीत. त्यांना अडवून काय मिळणार?

एका रोगात मात्र कारण नेमकं सापडलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. 1960 साली फिलाडेल्फियामध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. 1973 साली जॅनेट राउली यांनी दाखवलं, की 9 आणि 22 या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. या अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं, कधीच बंद न होणारं कायनेज तयार होतं. पण ते खरं कारण, की आणखी एक गाढव? तपासण्याची रीत जुनीच आहे: ते काढून घ्या आणि कार्य थांबतं का ते पाहा. इमॅटिनिब हे औषध या कायनेजच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. 1998 साली ब्रायन ड्रूकर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर चाचणी सुरू केली. पुरेशी मात्रा मिळालेल्या 54 रुग्णांपैकी 53 जणांच्या रक्तातल्या पेशींची संख्या पूर्वपदावर आली. म्हणजे हे गाढव नव्हतं, कुंभारच होता.

इथं थांबलो असतो तर गोष्ट फार सोपी झाली असती. आता दुसरं उदाहरण पाहू. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ नावाच्या कायनेजमध्ये बिघाड असतो. ते अडवणारं व्हेम्युराफेनिब 2011 साली आलं, आणि शरीरभर पसरलेल्या गाठीही आकसू लागल्या. हाच बिघाड मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत असतो. बिघाड तोच आणि औषधही तेच, पण तिथं फारच थोड्यांना गुण आला. असं का व्हावं?

2012 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. आतड्याच्या पेशीत बीआरएएफ बंद केलं, की ईजीएफआर नावाचा ग्राहक जोरानं जागा होतो आणि निरोप दुसऱ्या वाटेनं पाठवतो. मेलॅनोमाच्या पेशीत हा ग्राहक सहसा फार थोडा असतो. म्हणून आतड्याच्या या कर्करोगात पुढं दोन्ही वाटा एकदम अडवणारी औषधं आली.

नैयायिक म्हणतात, की कार्य एकट्या कारणानं होत नाही, सगळी ‘सामग्री’ जुळावी लागते. एकच बिघाड एका सामग्रीत कुंभार ठरतो. दुसऱ्या सामग्रीत त्याच्या जागी बसायला दुसरा कुंभार तयार असतो. तेव्हा ‘या जनुकामुळे कर्करोग होतो’ असं वाचलं, की आपण लगेच विचारायचं, कुठल्या पेशीत?

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग ही औषधं रोग बरा करतात, की नुसता दाबून ठेवतात?)

फार महत्त्वाचं विचारलंत. अडवणं म्हणजे संपवणं नव्हे. काही रुग्णांत बीसीआर-एबीएलचा आकारच जरासा बदलतो, औषध खाचेत बसत नाही आणि रोग परत येतो. त्यासाठी पुढची औषधं करावी लागली. उलट, फ्रान्समधल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात दोन वर्षं रोगाचा मागमूस नव्हता अशांचं इमॅटिनिब थांबवून पाहिलं. वर्षभरानंतर दहातले चार जण औषधाविना ठीक होते. बाकीच्यांचा रोग उलटला, पण औषध पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. मात्र हा प्रयोग वारंवार रक्ततपासणी करत, डॉक्टरांच्या नजरेखाली झाला. कृपा करून आजचं व्याख्यान ऐकून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नका!

म्हणजे एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. काहींत मडकं घडणं खरोखरच थांबतं, तर काहींत कुंभार केवळ हात धरून बसवलेला असतो. कुणाच्या बाबतीत काय झालं आहे, हे आज औषध थांबवून पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. पुढच्या वेळी आपण याच धाग्यावरून ‘अभाव’ या पदार्थाकडे जाऊ: एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असं म्हणता येतं का?