शेवगा लावा, शेवगा छाटा

परसात एक तरी शेवगा असावा, असे आम्ही नेहमी सांगतो. शेंगा आमटीत पडतात. फुलांची भाजी होते, पाल्याची होते. पाल्यात लोह आणि कॅल्शियम असते. वाढत्या पोरांना ते हवेच.

लावायचा कसा?

पाणी साचते तिथे शेवगा लावू नये, मुळं कुजतात. घराच्या भिंतीपासून १० फूट तरी लांब जावे. उन्हाळ्यात २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा घ्यावा. तो तापू द्यावा. मग माती आणि २ घमेली कुजलेले शेणखत मिसळून भरावा. पाऊस सुरू झाला, की मनगटाएवढी जाड, ४ फूट लांब फांदी लावावी. तिचा तिसरा हिस्सा मातीत जावा. बुडखा खाली, शेंडा वर, हे विसरू नये.

बी लावाल तर १ इंच खोल लावा. तामिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-१ ही जात बियांपासून लावतात. तिला ६ ते ८ महिन्यांत शेंगा धरतात.

छाटायचा कशाला?

"वाढतं झाड तोडायचं? हात कसा धजेल?" असे आयाबाया आम्हांला विचारतात. त्याचे कारण ऐका. शेवग्याला फुले येतात ती नव्या फुटीवर. झाड मोकळे सोडले, तर ते सरळ वर जाते. शेंगा शेंड्याला लागतात. हात पोचत नाही. मग घरातले पोर वर चढते. शेवग्याचे लाकूड फार ठिसूळ. चांगली जाड फांदीसुद्धा कडकन मोडते. दोन शेंगांपायी पोर जन्माचे अधू व्हायचे! म्हणून झाड बुटके ठेवावे. शेंग उभ्याने काढता यावी.

छाटायचा कसा?

रोप कमरेएवढे झाले, की शेंडा खुडावा. बाजूने फांद्या फुटतात. त्या २ फूट झाल्या, की त्यांचेही शेंडे खुडावेत. उन्हाळ्यात शेंगा संपल्या, की खोड जमिनीपासून ३ फुटांवर करवतीने कापावे. काप तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी राहत नाही. कापावर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावावे. पुष्कळ फुटवे येतील. त्यांतले ४-५ जोमदार ठेवावेत, बाकीचे काढावेत. आळ्यात शेणखत घालून पाणी द्यावे.

जुने झाड उंच गेले असेल, तर ते जाणत्या माणसाकडून उतरवून घ्यावे. त्या वेळी खाली पोरंबाळं, गुरं असू नयेत. भिऊ नका, बुंधा पुन्हा फुटतो.

उतरलेला पाला शेळ्यांना घाला. पावसाच्या तोंडावर छाटणी केली असेल, तर एक चांगली फांदी शेजाऱ्यालाही द्या. मात्र छाटायचे कसे, तेही त्याला सांगा.