बक्षिसी की खंडणी?

दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, म्हणूनच त्याला दान म्हणावयाचे. ज्या क्षणी घेणारा त्याचा आकडा ठरवू लागतो आणि तो आकडा कागदावर छापून देणाऱ्याच्या हाती ठेवतो, त्या क्षणी त्या दानाचे दानपण संपते व खंडणीला प्रारंभ होतो. आपल्या शहरांतील मोठमोठ्या उपाहारगृहांत ‘सेवाशुल्क’ या गोंडस नावाखाली जो व्यवहार वर्षानुवर्षे होत आला, त्याचे याहून वेगळे वर्णन आम्हांस करता येत नाही. हॉटेलातल्या बक्षिसीसारखा क्षुल्लक विषय पहिल्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, हा प्रश्न दहा टक्क्यांचा नाही. श्रमाचे मोल कोणी द्यावयाचे, आणि पदरचे पैसे मोजणाऱ्या माणसाने मान कितपत खाली घालावयाची, हा तो प्रश्न आहे.

हिशेब उदाहरणाने स्पष्ट करू. चौघांचे एक कुटुंब रविवारी संध्याकाळी अशा एखाद्या साखळी-उपाहारगृहात जेवावयास जाते. पदार्थांची किंमत होते २,४०० रुपये. त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १२० रुपये. एकूण २,५२० रुपये व्हावयास हवेत. पण मध्येच दहा टक्के सेवाशुल्काचे २४० रुपये येऊन बसतात. कर मग २,६४० रुपयांवर लागतो, तो होतो १३२ रुपये. आणि बिलाचा आकडा २,७७२ वर जातो. २५२ रुपये जादा गेले, आणि त्यांतले १२ रुपये तर ऐच्छिक म्हणवणाऱ्या देणगीवरचा कर! कुटुंबप्रमुख विचारतात, ‘‘हे काय?’’ उत्तर येते, ‘‘कंपनीचे धोरण आहे, सर.’’ शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून पाहू लागतात, मुले ‘‘बाबा, जाऊ द्या ना’’ असे पुटपुटतात, आणि गृहस्थ मुकाट्याने कार्ड पुढे करतात. मग बडीशेपेची वाटी येते, व ती आणणारा तरुण क्षणभर घुटमळतो. कारण त्या २४० रुपयांपैकी आपल्या वाट्याला काय येणार, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

या बाबतीत कायदा मुका आहे असे कोणी समजू नये. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, ही गोष्ट केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून सांगितली होती. त्या सूचनांना हॉटेलचालकांनी भीक घातली नाही. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले, आणि त्याने ४ जुलै २०२२ रोजी पाच गोष्टी नि:संदिग्धपणे बजावल्या: सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करू नये, ग्राहकावर त्याची सक्ती करू नये व ते ऐच्छिक असल्याचे त्यास स्पष्ट सांगावे, ते देत नाही म्हणून कोणास प्रवेश वा सेवा नाकारू नये, आणि जेवणाच्या बिलात ते मिळवून एकूण रकमेवर कर आकारू नये. हॉटेलचालकांच्या संघटनांनी न्यायालयात धाव घेऊन त्याच महिन्याच्या २० तारखेस या सूचनांना स्थगिती मिळविली. जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, २८ मार्च २०२५ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संघटनांच्या याचिका फेटाळल्या, सक्तीचे सेवाशुल्क बेकायदा ठरविले, आणि अर्जदार संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरावयास लावले. संघटनांनी त्यावरही अपिलाची वाट धरली. दहा टक्क्यांसाठी एवढी चिकाटी! यावरूनच त्या दहा टक्क्यांचे माहात्म्य लक्षात यावे.

चालकांचे म्हणणे अजिबात विचारात घेण्यासारखे नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणतात, किंमत ठरविण्याचा हक्क आमचा आहे. शुल्काचा उल्लेख आम्ही पदार्थांच्या यादीवर आधीच छापतो. आणि बक्षिसी फक्त वाढप्याच्या खिशात जाते, पण शुल्काचा वाटा भटारखान्यात घाम गाळणाऱ्या आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या मोरीवाल्यालाही मिळतो. यांतला शेवटचा मुद्दा खराच विचारार्ह आहे. परंतु आचाऱ्याला नि मोरीवाल्याला पुरेसा पगार द्यावयाचा असेल, तर पदार्थांच्या किमती दहा टक्क्यांनी वाढविण्यास चालकांचा हात कोणी धरला आहे? दोनशे रुपयांची भाजी दोनशे वीस रुपयांना विकण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आड येते ती स्पर्धा. यादीवर आकडा लहान दिसावा आणि बिलावर तो मोठा व्हावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. गिऱ्हाईक यादी वाचून आत येते आणि बिल वाचून बाहेर पडते. या दोन वाचनांमधले अंतर हाच या शुल्काचा खरा नफा होय.

येथे एका निर्णयाची आठवण करून द्यावीशी वाटते. ग्राहकांनी कार्डावर दिलेली टिप हॉटेलच्या हातून नोकरांना मिळत असेल, तर ती पगार समजून हॉटेलने तीवरचा आयकर कापावयास हवा होता काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. २०१६ साली न्यायालयाने निर्णय दिला, की तो पगार नव्हे. ते पैसे ग्राहकाने नोकराला दिलेले असतात आणि हॉटेल हे केवळ मधला विश्वस्त असते. हे प्रकरण लढविले होते ते हॉटेलच्या बाजूने! म्हणजे कर कापण्याची जबाबदारी आली, की टिप नोकराची. आणि तीच रक्कम शुल्क म्हणून बिलावर चढली, की ती कंपनीचे धोरण. चितही माझी, पटही माझी, हा न्याय जुगारात चालत असेल. धंद्यात तो चालू देता कामा नये.

वास्तविक आपल्याकडे हॉटेल हा धंदा इतका आडपडद्याचा कधीच नव्हता. माटुंग्याचे उडपी हॉटेल घ्या, धोबीतलावचा इराणी घ्या, की पुण्याच्या पेठेतली खानावळ घ्या. दर फळ्यावर लिहिलेले असत, सूचनांच्या पाट्या भिंतीवर टांगलेल्या असत, आणि मालक स्वत: गल्ल्यावर बसलेला असे. सौजन्याचा तेथे महापूर वाहत होता, असा दावा कोणीही करणार नाही. चहा आपटून जाणारा पोऱ्या आणि सुटे नाहीत म्हणून वसकन अंगावर येणारा मालक ही आपल्या विनोदी लेखकांना जन्मभर पुरलेली सामग्री आहे. परंतु त्या उर्मटपणाला एक चेहरा होता. सांबारात केस निघाला, तर वाटी उचलून थेट गल्ल्यावर नेऊन ठेवता येत असे, आणि निकाल दोन मिनिटांत लागत असे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीला आपण पुष्कळ हसलो. पण त्या पाटीत एक हमीही दडलेली होती. जे काही बरेवाईट होईल, त्याचा जबाब देणारा माणूस याच छपराखाली बसला आहे, ही ती हमी होय.

साखळी-उपाहारगृहांत ती हमी नाहीशी झाली. १९९६ साली परदेशी खाद्यगृहांनी मुंबई-दिल्लीत दुकाने मांडली. पुढे त्यांचे पाहून देशी साखळ्याही पसरल्या. स्वच्छता, ठराविक चव, ठराविक वजन हे त्यांचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे मालक दिसत नाही. जो दिसतो तो व्यवस्थापक स्वत:च नोकर असतो, आणि त्याच्या ओठांवरचे स्वागताचे वाक्यही वरून लिहून आलेले असते. तक्रार केली, की ती ‘वर कळविली’ जाते. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, ते त्यालाही ठाऊक नसते. आणि आता त्यावर ताऱ्यांची भर पडली आहे. बिलाबरोबर एक यंत्र पुढे येते, किंवा मोबाईलवर चौकोनी खूण टिपावयास सांगितले जाते, आणि वाढपी अजिजीने म्हणतो, ‘‘सर, पाच तारे द्या, माझे नावही लिहा.’’ बक्षिसीसाठी पूर्वी एक हात पसरावा लागे, आता ताऱ्यांसाठी दुसराही पसरावा लागतो.

अशा माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करताना त्याचा दिवस कसा जातो, हेही एकदा पाहावयास हवे. तो बहुधा उत्तराखंडातून, ओडिशातून, बंगालमधून किंवा ईशान्येकडून आलेला असतो. सकाळी टेबले पुसण्यापासून मध्यरात्री खुर्च्या उलट्या ठेवण्यापर्यंत तो उभा असतो. दुपारची सुटी मिळाली, तर ती बिनपगारी असते आणि एवढ्या वेळात खोलीवर जाऊन येणे शक्य नसते. त्याच्या तोंडून एखादा तुटक शब्द निघाला, की आपण लगेच त्याचे नाव विचारतो. तक्रारीचा दगड वर फेकावा आणि तो सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर पडावा, अशीच या इमारतीची रचना आहे.

बक्षिसीवर पगार सोडून दिला म्हणजे काय होते, याचा धडा अमेरिकेने जगाला दिला आहे. १८६५ मध्ये तेथे गुलामगिरी नष्ट झाली. त्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनगाड्यांवर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल म्हणून नेमले, तुटपुंजे वेतन दिले, आणि उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर सोपविले. या हमालांनी १९२५ साली संघटना उभारली, आणि कंपनीशी पहिला करार होण्यास १९३७ साल उजाडले. परंतु ती चाल मेली नाही. १९६६ साली केंद्रीय वेतन कायद्यातच बक्षिसी वेतनात मोजण्याची सवलत मालकांना मिळाली. बक्षिसी मिळविणाऱ्या कामगारास मालकाने स्वत: द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन तेथे १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थबकले आहे. इतरांचे २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मधली तूट बक्षिसीने न भरल्यास ती मालकाने भरावी असे कायदा म्हणतो. पण तोवर त्या कामगाराचा पगार म्हणजे प्रत्येक टेबलावरच्या अनोळखी माणसाची मर्जी. तिथले हास्य रुंद असते खरे, पण ते हास्य भाडे भरण्यासाठी केलेले असते. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे २०२३ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अमलात आला: बक्षिसी असो वा सेवाशुल्क, तिची पै न पै कामगारांत वाटली पाहिजे, आणि वाटणीचे धोरण लेखी असले पाहिजे. जपानात तर बक्षिसी देण्याची चालच नाही, आणि तेथील आतिथ्याला कोणी नावे ठेवल्याचे ऐकिवात नाही. सौजन्य चिल्लर टाकून विकत घ्यावे लागते, हा समज त्या देशाने खोटा ठरविला आहे.

आता दोन शब्द आपल्या स्वत:विषयी. हा लेख वाचून मान डोलावणारा मध्यमवर्गीय ग्राहक काही धुतल्या तांदळासारखा नाही. केस पिकलेल्या वाढप्याला ‘ए, इकडे ये’ म्हणून चुटकी वाजविणारे आपणच असतो. मित्रांसमोर शंभराची नोट टाकून दातृत्व मिरविणारे आणि एकटे असताना सुटे दोन रुपये मोजून घेणारेही आपणच. व्यवस्थापकाशी अदबीने इंग्रजीत बोलावयाचे आणि पाणी आणणाऱ्या पोराशी तोडक्या हिंदीत खेकसावयाचे, ही आपली रीत. पैसे दिले म्हणजे पदार्थ विकत मिळतो. पदार्थ आणून देणारा माणूस विकत मिळत नाही, एवढे जरी घरातल्या मुलांनी आपल्याकडे पाहून शिकावे, तरी पुष्कळ झाले.

तेव्हा तक्रार करावी, अवश्य करावी. पण ती योग्य माणसाविरुद्ध करावी. सेवाशुल्क काढून टाका, असे बिल भरण्यापूर्वीच शांतपणे सांगावे. तो हक्क आहे, उपकार नव्हे. नकार मिळाल्यास बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळवावे. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तेथे फी नाही, आणि दाव्यास दोन वर्षांची मुदत आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदादेखील नव्हता. तो आला १९८६ साली. कायदा नसताना ज्या महाराष्ट्राने चळवळ उभारली, त्या महाराष्ट्राने कायदा हाती असताना ‘बाबा, जाऊ द्या ना’ म्हणावे, हे शोभत नाही.

आणि चालकांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. पदार्थाची खरी किंमत यादीवर छापा. नोकराचा पगार आपल्या गल्ल्यातून द्या. बक्षिसी जमा होत असेल, तर तिची वाटणी कशी होते, ते नोकरांना वाचता येईल अशा भाषेत भटारखान्याच्या दारावर लावा. आणि प्रत्येक शाखेत एक तरी माणूस असा ठेवा, की ज्याला ‘वर’ न विचारता चूक कबूल करण्याचा व पैसे परत देण्याचा अधिकार असेल. एवढे झाले, की ग्राहक खुशीने चार पैसे ताटलीत ठेवील आणि वाढपी ते ताठ मानेने उचलील. बक्षिसीला प्रतिष्ठा आहे ती तेवढ्यापुरतीच. जी मागावी लागते ती भीक, जी छापून येते ती खंडणी. बक्षिसी ती, जी न देण्याचे स्वातंत्र्य असूनही दिली जाते.