पहिला कॅमेरा : बोधचिन्हापेक्षा लेन्स मोलाची

लोणार सरोवराचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर एका चौकटीत सामावण्यास वाइड अँगल लेन्स लागते. दैत्यसूदन मंदिरातील अंधुक प्रकाशातील शिल्पांसाठी मोठ्या अ‍ॅपर्चरची. म्हणूनच कॅनन, निकॉन की सोनी, हा प्रश्न मूलतः लेन्सचा आहे. कॅमेरा काही वर्षांत जुना होतो. उत्तम लेन्स दीर्घकाळ साथ देते. मात्र प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. निकॉनचा १९५९ चा आणि कॅननचा १९८७ चा माउंट दशकानुदशके चालला; २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट आणले. सोनीचा २०१० पासूनचा. सबब कॅमेऱ्यासोबत पुढील दोन लेन्सच्या किमती व दुरुस्तीची सोयही पडताळावी. पेढीचे भांडवल गुंतवताना दाखवलेला विवेक येथेही हितकारक ठरतो.