ओकारी काढू नका : धुण्याची पावडर, सोडा आणि प्रथमोपचार

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडील घरोघरी बिबडे, पापड व कुरडयांची लगबग सुरू होते. त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या फळीवर पापडखार असतो, खाण्याचा सोडा असतो, आणि पुष्कळ घरांत त्यांच्याच शेजारी धुण्याचा सोडाही असतो. तिन्ही पांढरे, तिन्ही कागदाच्या पुडीत आणलेले व जुन्या डब्यात ओतलेले. डब्यावर नाव लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच; कोणत्या डब्यात काय आहे ते घरच्या बाईला ठाऊक असते. परंतु ती शेतावर गेलेली असताना घरात पाहुणी आलेली आत्या असते, तीन वर्षांचे मूल असते. त्यांना ते कसे कळावे?

आपल्या भागातील अनेक विहिरींचे व बोअरवेलचे पाणी जड आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून सोडा व पावडर सढळ हाताने वापरली जाते. १९६९ साली शेजारच्या गुजरातमध्ये निरमा पावडर सुरू झाली आणि पुढे ती इतकी घरोघर पोहोचली की कोणत्याही पावडरीला आपल्याकडे 'निरमा'च म्हणतात. ही साधी पावडर बोटभर चाटली गेली तर बहुधा तोंड चुरचुरते, मळमळते, एखादी उलटी किंवा जुलाब होतो. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, याहून तिखट असतो. साबण तयार करण्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा तर अतिशय दाहक. ज्या क्रियेने तेलाचा साबण होतो, तीच क्रिया हा पदार्थ अन्ननलिकेच्या नाजूक अस्तरावर करतो व आत आत उतरत जातो. तोंडात फारसे भाजलेले दिसत नाही म्हणून आतही काही झाले नसेल, असे समजू नये.

अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी काय करतात, हे आपण सर्व जाणतो. मिठाचे पाणी पाजतात, घशात बोटे घालतात, 'ओकारी काढा' म्हणतात. हेतू प्रेमाचा, परिणाम मात्र घातक. जो दाहक पदार्थ एकदा अन्ननलिकेतून खाली गेला, तो उलटीबरोबर त्याच वाटेने पुन्हा वर येतो व दुसऱ्यांदा भाजतो. साबणाचा फेस श्वासनलिकेत शिरला तर फुप्फुसाला सूज येते. मिठाचे पाणी स्वतःच लहान मुलाच्या रक्तातील मीठ धोकादायक प्रमाणात वाढवू शकते. (कपाशीवरील औषध पोटात गेले असतानाही हा उपाय घरी करू नये.) लिंबू किंवा व्हिनेगर पाजून सोडा 'मारण्याचा' प्रयत्नही नको.

मग करावे काय? प्रथम तोंडातील उरलेली पावडर ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून काढावी. मूल शुद्धीवर असेल व सहज गिळत असेल तर एक-दोन घोट पाणी वा दूध द्यावे, पोटभर नव्हे. लाळ गळत असेल, आवाज बसला असेल, गिळताना रडत असेल, श्वासाला घरघर लागली असेल किंवा गुंगी येत असेल तर तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. कॉस्टिक सोडा पोटात गेल्याचा नुसता संशय असला, तरी लक्षणांची वाट पाहू नये.

डोळ्याच्या बाबतीत घाई याहून अधिक हवी. पापण्या बोटांनी उघड्या धरून, डोके दुखावलेल्या डोळ्याच्या बाजूला कलते ठेवून, स्वच्छ पाण्याची बारीक धार निदान १५ ते २० मिनिटे सोडावी. नळाला अनेक दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात इतके पाणी ओतणे जिवावर येते, हे आम्ही समजू शकतो. तरीही पिण्याचा माठ रिकामा करावा लागला तरी करावा. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावेच. त्वचेवर कोरडा सोडा पडल्यास तो आधी झटकावा, कपडे काढावेत आणि मग भरपूर पाण्याने धुवावे.

सणाच्या साफसफाईत ब्लीच व संडास धुण्याचे ॲसिड एकत्र ओतले जाते. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खोकला येऊन गुदमरल्यासारखे झाले तर बादली आवरत बसू नये. आधी मोकळ्या हवेत यावे.

दारावर येणारे द्रवरूप साबण व फिनाईल बहुधा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून मिळते, आणि आमच्या मते अर्धा धोका तेथेच आहे. मुलाला बाटलीचा आकार व रंग ओळखता येतो, आतला पदार्थ नाही. बचतगटांतून साबण तयार करणाऱ्या भगिनींनी तरी अशा बाटल्या टाळाव्यात, चिठ्ठी चिकटवावी, आणि कॉस्टिक सोड्याचा डबा कुलपात ठेवावा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना तो डबा, बाटली वा पुडीचा कागद सोबत न्यावा, आणि किती गेले, केव्हा गेले, घरी काय पाजले, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. मिठाचे पाणी पाजून झाले असेल तर तेही.