हळदीचा कागद आणि चित्रकलेचा तास

वसमत तालुक्यातले कुरुंदा उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. सौंदर्यशास्त्रावर आणि भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिणारा हा माणूस नांदेडला शाळामास्तर होता. त्यांच्या मुलखातल्या काय किंवा इतर कुठल्या काय, प्राथमिक शाळांत कला मात्र वेळापत्रकाच्या तळाशीच राहिली. याचा माग काढायचा तर १९३७ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम ही शिक्षणयोजना निघाली. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योग मध्यभागी ठेवला, बाकीचे विषय त्याच्याभोवती गुंफले आणि चित्रकला, संगीतही अभ्यासक्रमात घेतले. या गुंफणीला ‘समवाय’ म्हणत. शांतिनिकेतनात शिकलेल्या देवीप्रसादांनी १९४४ पासून सेवाग्रामला मुलांच्या चित्रांवर काम केले. कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये मराठवाडा मोकळा झाला, त्यानंतर मराठी शाळा वाढल्या. पण समवाय मुरण्याआधीच विरला. उरला तो चित्रकलेचा तास, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताच्या घशात!

पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला दहावीपर्यंत स्थान मागितले, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे पाहून गावोगावच्या वर्गांच्या फरश्या रंगल्या आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘कला-समेकित’ शिक्षण आले. माझ्या मते घोळ झाला तो इथेच: सजावटीलाच समवाय समजले गेले. रंगवलेली फरशी मोठ्यांनी काढलेली असते. मूल तिच्यावर बसते, एवढेच. फरक कुरुंद्याच्याच शिवारातल्या पिकावर दाखवता येतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या रोपाचे छापील चित्र रंगवायला देणे ही सजावट. पण हळद पाण्यात कालवून कागद माखला, वाळू दिला आणि चुन्याच्या निवळीत काडी बुडवून त्यावर रेघ ओढली, तर रेघ लाल उमटते. लिंबू फिरवले की पुन्हा पिवळी. देवघरातले पारंपरिक कुंकूही हळदीला असा चुना लावूनच होते. आता मूल चित्र काढता काढता रसायनशास्त्राचा प्रश्न विचारणार, आणि तो त्याचा स्वतःचा असणार.

यावर पहिली हरकत गुणांची. कलेने गणित सुधारते, हा दावा फार ताणला गेला आहे. एलन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा नाट्यीकरणाने भाषेला होणारा लाभ ठोस निघाला, बाकी बरेच दावे लंगडे. हे मान्यच करावे. पण बाल्टिमोरच्या पाचवीच्या वर्गांत विज्ञान कलेतून शिकवले, तेव्हा वाचनात मागे असलेल्या मुलांच्या ते अधिक लक्षात राहिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे. दुसरी हरकत अधिक खरी आहे: द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींनी कलावंत कधी व्हायचे? होऊ नये. हळदीच्या कागदाला कलावंत लागत नाही. लागते ती आधी स्वतः करून पाहिलेली कृती, आणि प्रशिक्षणात नेमकी तीच राहून जाते. शिक्षण हक्क कायदा कलेसाठी अंशकालीन निदेशक देतो तो सहावी ते आठवीला, तेही शंभराहून अधिक मुले असतील तर. पहिली ते पाचवीसाठी कायद्याच्या परिशिष्टात कलेच्या निदेशकाची जागाच नाही.