अपघाताला पत्ता असतो

‘अपघात’ हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा होऊन बसला आहे. जिन्यावरून म्हातारी पडली, अपघात; प्रेसवर पोराची बोटे गेली, अपघात; शाळेसमोर ट्रकखाली सायकल आली, तोही अपघातच. शब्द उच्चारला की विचार थांबतो. पुढे दोनच वाटा उरतात. एक नशिबाकडे जाते, दुसरी ज्याला लागले त्याच्याच निष्काळजीपणाकडे. कामगार चळवळीत अपघाताचे जे कागद आमच्या हाताखालून गेले, त्यांतील बहुतेकांवर कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिलेले असे. यंत्र तेच, पाळी तीच, महिनाअखेरीची घाई तीच. बोटे मात्र निरनिराळ्या माणसांची. एकाच यंत्रावर चार माणसे पाठोपाठ निष्काळजी होतात, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

बोटांचा हिशेब कायद्यानेही केलेला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात कोणता अवयव गेल्याने कमाईची ताकद शेकडा किती घटते ते लिहिले होते: अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२. ही भरपाई मिळवून देणे हे संघटनेचे मोठे काम, आणि ते आम्ही कमी लेखीत नाही. परंतु भरपाईची लढाई बोट गेल्यानंतर सुरू होते. बोट जाऊच नये म्हणून काय करावे, याचा विचार जगात कोणी कसा केला, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा विचार आला साथीच्या रोगांच्या शास्त्रातून. हिवताप झाला म्हणून आपण रोग्याला निष्काळजी म्हणत नाही; डबके शोधतो, डास शोधतो. १९४९ साली जॉन गॉर्डन या अमेरिकन साथरोगतज्ज्ञाने सांगितले की इजांकडेही याच दृष्टीने पाहता येते. त्यांनाही ठिकाण असते, वेळ असते, वय असते. पुढे विल्यम हॅडन या डॉक्टरने त्याला व्यवहाराचे रूप दिले. १९६६ नंतर अमेरिकेत रस्तासुरक्षेचे सरकारी खाते उभे राहिले, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांचे म्हणणे असे की, शरीराला सोसवणार नाही एवढी शक्ती शरीरावर येऊन आदळते म्हणून इजा होते. ती शक्ती वेगाची असेल, उष्णतेची असेल, विजेची असेल. ती मुळातच कमी करता येते, माणसापासून दूर ठेवता येते, मध्ये आडोसा घालता येतो; आणि एवढे करूनही इजा झालीच तर जखमी माणसाला लवकर उपचार पोचवता येतात. हॅडन यांनी एक तक्ता आखला. उभे तीन रकाने: माणूस, वस्तू, परिसर. आडव्या तीन ओळी: घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी, घटनेनंतर. असे नऊ चौकोन झाले. आपल्या पंचनाम्यात मात्र त्यांतला एकच चौकोन भरलेला असतो, माणूस आणि घटनेच्या आधी. उरलेले आठ कोरेच राहतात.

आता आपल्या शेतातले उदाहरण घेऊ. हरितक्रांतीच्या काळात पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाची मळणी यंत्रावर होऊ लागली. दाणे झपाट्याने निघू लागले, आणि त्याचबरोबर मजुरांचे हात जाऊ लागले. लोक म्हणत, मजूर पेंगतो, नशापाणी करतो. यंत्राकडे पाहिले तर दुसरेच दिसे. पेंढी सरकवण्याची पन्हळ आखूड. आतला दाते असलेला दंडगोल भरधाव फिरतो आहे. पेंढी त्याने एकदा पकडली की ती हातासकट आत ओढतो. हात सोडवण्याइतका वेळच माणसाला मिळत नाही. मजूर पूर्ण जागा असला तरी नाही. आणि तो जागा तरी कसा राहणार? पाऊस येण्याआधी मळणी उरकायची म्हणून काम रात्रंदिवस चाललेले.

उपाय निघाला तो साधा. पन्हळ लांब करावयाची, सुमारे नव्वद सेंटिमीटर, आणि तिचा यंत्राकडचा अर्धा भाग वरून झाकून टाकावयाचा, म्हणजे हात दंडगोलापर्यंत पोचतच नाही. पत्रा थोडा जास्त लागतो, इतकेच. भारतीय मानकात हे माप आले. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला; त्यात यंत्र चालवणाऱ्या मजुराची सुरक्षा आणि इजा झाल्यास भरपाई, दोन्ही गोष्टी आल्या. येथे आम्हांला एक सांगावेसे वाटते. मजुराला ‘जपून काम कर’ असे हजार वेळा सांगून जे साधले नसते, ते हातभर पत्र्याने साधते. परंतु तो पत्रा आपण होऊन यंत्रावर चढत नाही. त्याला मापे काढणारा अभियंता लागतो, ठोकणारा गावचा कारागीर लागतो, चार पैसे जास्त देणारा शेतकरी लागतो, आणि उघड्या यंत्रावर हात घालणार नाही असे म्हणू शकणारा मजूर लागतो. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ, कारण ती म्हणण्यासाठी पाठीशी कोणीतरी असावे लागते.

दुसरे उदाहरण शेजारच्या श्रीलंकेतले, आणि ते आमच्या फार आवडीचे. वीज नसलेल्या घरांत बाटलीत वात घालून रॉकेलची चिमणी करीत. ती उंच आणि हलकी. धक्का लागला की कलंडते, गडगडत जाते, टोपण निघते आणि रॉकेल पेटते. विजय गोडकुंबुरा नावाच्या शल्यविशारदाकडे अशी भाजलेली माणसे येत. ते त्यांच्यावर शस्त्रक्रिया करीत राहिलेच, पण १९९२ साली त्यांनी चिमणीच बदलली. बुटकी, जाड काचेची, जड बुडाची. दोन बाजू सपाट, म्हणजे आडवी पडली तरी गडगडू नये. आणि टोपण पेचाचे, म्हणजे तेल सांडू नये. कल्पना सुचली ती मार्माईटच्या बुटक्या बरणीवरून. काचकारखान्याने ती बनवली, देणगीदारांनी पैसे दिले, आणि गरिबाला परवडेल अशा किमतीत ती लाखांच्या संख्येने घरोघर गेली. १९९८ साली या कामाला रोलेक्स पारितोषिक मिळाले. नवा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. हा शोध एका बाटलीच्या आकाराचा होता.

परंतु यंत्राला वा दिव्याला हात घालणे एक, आणि सबंध गावाला हात घालणे दुसरे. कारखान्याला निरीक्षक असतो. जिन्याला, विहिरीला, बाजारातल्या वळणाला नसतो. तेथे कोणी पाहावयाचे? या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमधील एका लहान गावाने दिले. स्कारबोर्ग परगण्यातील फाल्शपिंग ही तीसेक हजार वस्तीची नगरपालिका. तेथे १९७८ साली लोथार शेल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वही सुरू केली. इजा होऊन दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाची नोंद: काय लागले, कोठे लागले, काय करीत असता लागले. वहीने सांगितले की इजा वाटेल तेथे होत नाहीत. काही घरे, काही कामे, काही रस्ते वारंवार पुढे येतात. अपघाताला पत्ता असतो, तो असा वहीतून कळतो.

मग त्यांनी एक मंडळ केले. आरोग्यखाते, नगरपालिका आणि स्थानिक संस्था एका टेबलाशी बसल्या. डॉक्टरला जिना दुरुस्त करता येत नाही आणि नगरपालिकेच्या अभियंत्याला कोणाचे हाड मोडले ते ठाऊक नसते. दोघे एकत्र आले म्हणजे कामाला लागता येते. लोकांना माहिती देणे, देखरेख ठेवणे आणि मुख्य म्हणजे परिसर बदलणे, अशी कामे त्यांनी वहीच्या आधाराने निवडली. तीनएक वर्षांत घरातल्या इजा शेकडा २७ नी, कामावरच्या २८ नी आणि रहदारीतल्याही २८ नी घटल्या. बाकीच्या प्रकारांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. एकूण घट शेकडा २३. सगळीकडे एकसारखी घट दाखवली असती तर आम्हांला त्या वहीचीच शंका आली असती.

१९८९ साली स्टॉकहोमला अपघात-प्रतिबंधावर पहिली जागतिक परिषद भरली आणि ‘सुरक्षित समुदायां’चा जाहीरनामा निघाला. त्याच परगण्यातील लिडशपिंग हे त्या नावाने मान्यता मिळालेले पहिले गाव. पुढे अनेक देशांतील गावे या यादीत आली.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, झाले, गावाने मंडळ स्थापावे आणि फलक लावावा. म्हणून पुढची गोष्ट सांगणे भाग आहे. १९९० च्या दशकात फाल्शपिंगचा हिशेब पुन्हा तपासला गेला, तेव्हा सुरुवातीची घट टिकलेली आढळली नाही. इजांसाठी इस्पितळात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तर पुन्हा बरेच चढले होते. आम्हांला याचे नवल वाटत नाही. प्रेसवर दोन बटणे बसवतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ठोका खाली येत नाही, म्हणजे बोट आत राहूच शकत नाही. हा उपाय उत्तम आहे. पण नगावर मजुरी असली की कामगार स्वतःच एक बटण चिंधीने बांधून टाकतो, कारण एका हाताने नग जास्त निघतात. साहेब म्हणतो, पाहा, हाच निष्काळजी! आम्ही म्हणतो, चिंधी बांधली मजुरीच्या दराने. तो दर ठरवताना जर संघटना, मालक आणि अभियंता एकत्र बसले नाहीत, तर कितीही चांगले यंत्र आणा, त्यावर चिंधी येणारच. आणि एकदा बसून भागत नाही. दर बदलतो, कंत्राटदार बदलतो, माणसे बदलतात.

आपल्या मुलखातही याचा अनुभव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्र कंपनी यांनी मिळून त्या रस्त्यावर काम हाती घेतले. प्रत्येक मृत्यूची जागा पाहावयाची, गाडी कशावर आदळली ते पाहावयाचे, उघड्या खांबाला कठडा घालावयाचा, उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा बंदोबस्त करावयाचा, जखमीला मदत लवकर पोचवावयाची. म्हणजे हॅडनच्या तक्त्यातले कोरे चौकोन भरावयाचे. २०१९ साली मृत्यू ९२ वर आले. २०२० चा आकडा आणखी खाली आहे, पण तो आम्ही मुद्दाम घेत नाही. टाळेबंदीत रस्तेच ओस होते, त्याचे श्रेय कठड्यांना देणे बरे नव्हे. आणि ९२ ही संख्याही काही लहान नाही.

आमच्यासारख्या गावात आरंभ कोठून करावा, असे पुष्कळ लोक विचारतात. आमचे उत्तर वहीपासून. सरकारी दवाखान्यातल्या नोंदीत ‘पडून जखम’ असे असते. त्यापुढे दोन रकाने वाढवावे, जागा आणि वस्तू. ‘भाजी मंडईमागचा उतार, ओली फरशी.’ ‘अमुक आळी, कडबा कापण्याचे यंत्र, वर झाकण नाही.’ जखमीचे नाव त्यात नको. नाव आले की पुन्हा दोष त्याच्याच माथी जातो. महिन्यातून एकदा ती वही नगरपालिकेचा अभियंता, शाळेचे मुख्याध्यापक, रिक्षावाल्यांची आणि हमालांची संघटना, महिला मंडळ यांनी एकत्र बसून वाचावी, आणि तीनदा आलेल्या पत्त्यावर त्याच आठवड्यात जाऊन पाहावे. वही कोणी लिहावयाची यावर वाद होईल. आमच्या मते ती मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकेने लिहावी, कारण माणूस खरे काय घडले ते तिलाच सांगतो. पोलिसांना सांगत नाही आणि मालकाला तर नाहीच. मात्र तिच्या पाळीत या लिखाणासाठी वेळ राखून ठेवावा लागेल आणि त्या वेळेचा पगार द्यावा लागेल. हे काम तिच्याकडून फुकट करून घ्यावे अशी सूचना कोणी मांडली, तर आमचा तिला विरोध राहील.