चरकातून निघणारा रस आणि मागे राहणारा रस

चंदीगडच्या रस्त्यावरील रसविक्रेता एकच ऊस दुमडून तीन-चार वेळा चरकातून काढतो. पहिल्याच फेरीत सगळा रस का निघत नाही, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे बरेचसे उत्तर मात्र मृदा-यांत्रिकीतून आले आहे.

यांत्रिकीच्या दृष्टीने ऊस ही रसाने भरलेली सच्छिद्र वस्तू होय. त्यात तंतू साधारणतः १२ ते १६ टक्के. बाकी जवळजवळ सारा रस. रोलरच्या फटीत तो दाबला जातो तेव्हा भार दोघे वाटून घेतात. काही भाग तंतूंचा सांगाडा पेलतो, काही रस पेलतो. कार्ल टेर्झागी यांनी ओल्या चिकणमातीसाठी १९२० च्या दशकात मांडलेले तत्त्व हेच. रस किती वेगाने निसटेल, हे हेन्री डार्सी यांच्या १८५६ मधील नियमावरून काढता येते : दाबातील फरक आणि पार्यता जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक. अडचण अशी की दाब वाढताच पार्यता झपाट्याने घटते. ज्या दाबाने रस काढावयाचा, तोच दाब रसाच्या वाटा बुजवितो.

सांगाड्याचे आकुंचन, रसाचा दाब आणि रोलरवरील घर्षण ही तिन्ही एकमेकांवर अवलंबून असल्याने समीकरणे हाताने सुटत नाहीत. मरी आणि होल्ट यांचा ऊस-गाळपाच्या यांत्रिकीवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या संशोधकांनी मातीसाठी घडविलेली प्रतिमाने बगॅसला लावली. फायनाइट एलिमेंट पद्धतीत उसाच्या थराचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यात दाब किती आणि रस कोणत्या दिशेने, याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाला मांडतो.

या हिशेबातून कारखान्यातील एका जुन्या कोड्याचा उलगडा होतो. सर्वाधिक दाब फट सर्वांत अरुंद असते त्या जागेच्या किंचित आधी येतो. तेथून काही रस मागे वाहून निघून जातो, तर काही पुढे ढकलला जातो. पुढे बगॅस सैल होऊन फुगते आणि तोच रस पुन्हा शोषते. रोलरचा वेग वाढविला तर रसाला मागे निसटण्यास सवड उरत नाही आणि हे पुनःशोषण वाढते. म्हणूनच गाळप वाढविण्यासाठी वेग वाढविणाऱ्या कारखान्याला निष्कर्षणात किंमत मोजावी लागते. लाटण्याची ही क्रिया येथे निम्मी बहिःसारणाचीच होते. तेलाच्या एक्स्पेलरमध्ये तर ती उघडच तशी असते. निंबोळीच्या बाबतीत घर्षणाची उष्णताही हिशेबात घ्यावी लागते, कारण अॅझाडिरॅक्टिन उष्णतेने नष्ट होते. आणि त्याचा मोठा भाग तेलात न जाता पेंडीत राहतो, हे आपल्या पीकसंरक्षणाच्या पथ्यावरच पडते.

कीटकशास्त्रज्ञाने या विषयात का शिरावे? प्रतिमानाला लागणारे गुणांक, म्हणजे तंतूंचे प्रमाण, सांगाड्याचा ताठपणा आणि पार्यता, हे उसाच्या प्रकृतीवर ठरतात. आणि ती प्रकृती कीड बदलते. कांडी किडीने पोखरलेले कांडे आखूड व कठीण होते, रस घटतो, छिद्रांतून रोगाचा शिरकाव होतो. उत्तरेत शेंडे किडीचे हेच. कर्नालच्या केंद्रात निर्माण झालेला, पंजाब-हरियाणात मोठ्या क्षेत्रावर पसरलेला को ०२३८ हा वाण तिला आणि लाल कुजव्याला बळी पडत आहे.

नुकसानीचा अंदाज पुढील उदाहरणाने यावा. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसातील तंतू १४ टक्के, बगॅसमध्ये तंतू ४८ टक्के आणि साखर २ टक्के धरल्यास बगॅससोबत रोज सुमारे २९ टन साखर जाते. तंतू १५ टक्क्यांवर गेले आणि बाकी सारे तेच राहिले, तरी हा आकडा ३१ टनांपुढे जातो. म्हणजे दोन टन साखर रोज भट्टीत! प्रत्यक्षात बाकी सारे तेच राहत नाही. पार्यताही बदलते, आणि ती किती हे मोजल्याखेरीज संगणक सांगू शकत नाही. महाराष्ट्रात हे उत्पादकाच्या खिशापर्यंत पोहोचते, कारण रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होते. पंजाब-हरियाणात राज्याने वाणगटानुसार जाहीर केलेला दर मिळतो, त्यामुळे तो फटका प्रथम कारखान्याला बसतो.

आपल्या कीडनुकसानीच्या नोंदी बहुधा प्रादुर्भावाची टक्केवारी, वजन आणि उतारा येथेच थांबतात. माझ्या मते त्यांत दाबचाचणीची भर घालावी. एकाच शेतातील, एकाच वाणाचे निरोगी व पोखरलेले ऊस वेगवेगळे कापून बारीक करावेत. तळाला जाळी असलेल्या सिलिंडरात दट्ट्याने दाबावेत आणि दाब, जाडी व निघालेला रस यांची वेळेनुसार नोंद घ्यावी. महाराष्ट्रात को ८६०३२ पासून आरंभ करणे सोयीचे. नमुने तोडणीच्या दिवशीच तपासावेत, कारण तोडलेला ऊस वाळू लागताच वाळण्याचा परिणाम किडीच्या परिणामात मिसळतो.